हेल्मेटवरचा कॅमेरा: त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही



यंदा गड्डा यात्रेनंतर मी चौथीच्या मुलांना नेहमीप्रमाणे 'मी पाहिलेले दृश्य' हा विषय लिहायला दिला. अपेक्षा अशी की नंदीध्वज येतील, शोभेचं दारूकाम येईल, होम मैदानावरचे पाळणे येतील. ते आलेच. 'मौत का कुआँ'सुद्धा आला. उभ्या भिंतीवर गोल गोल फिरणारी गाडी बघितल्यावर कुठल्या मुलाला लिहावंसं वाटणार नाही? पण तीन मुलांनी यात्रेतलं काहीच लिहिलं नव्हतं. त्यांनी मोबाईलवर पाहिलेला एक व्हिडिओ लिहिला होता. मातीचा रस्ता, रेसची गाडी, समोर स्टिअरिंग, त्यावर हातमोजे घातलेले दोन हात, आणि काचेतून अंगावर धावत येणारी झाडं. एकाने शेवटी लिहिलं होतं, 'मला वाटले की मीच गाडी चालवत आहे.'

वह्या तपासत होते तेव्हा तोच मुलगा टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, कॅमेरा ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो ना? मग ड्रायव्हरचं डोकं का दिसत नाही?"

मी म्हटलं, "तुला तुझं डोकं दिसतं का?"

त्याने डोळे तिरपे करून बघितलं. "नाक दिसतं थोडं."

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही हा. कॅमेरा कुठे ठेवलाय त्यावर चित्रात काय येणार हे ठरतं, आणि हे मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. म्हणून आज हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याबद्दल लिहायचं ठरवलं. परिसर अभ्यास, विज्ञान, गणित, भाषा, सगळ्याला हात लागतो. लिहायचं आणखी एक कारण आहे, ते ओघात सांगते.

कॅमेरा डोक्यापर्यंत पोचला कसा

रेसच्या गाडीवर कॅमेरा बसवायची कल्पना जुनी आहे. १९६६ साली जॉन फ्रँकेनहायमर या दिग्दर्शकाचा 'ग्रांप्री' नावाचा इंग्रजी सिनेमा आला. त्यात धावत्या गाड्यांवर मोठमोठे फिल्म कॅमेरे बांधून शर्यती चित्रित केल्या होत्या. पण असे जड आणि महाग कॅमेरे सिनेमावाल्यांनाच परवडणारे. शनिवार-रविवार स्वतःच्या गाडीने हौस भागवणाऱ्या माणसाला ते शक्य नव्हतं.

हे बदललं ते गोप्रोमुळे. अमेरिकेतल्या निक वुडमन या तरुणाला समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन तरंगायची, म्हणजे सर्फिंगची हौस होती. लाटेवर असताना स्वतःचे फोटो काढता यावेत म्हणून त्याने मनगटावर बांधायचा कॅमेरा काढला. २००४ साली बाजारात आलेला तो पहिला कॅमेरा साधा रीळवाला होता. २००६ मध्ये डिजिटल आला, तोही जेमतेम दहा सेकंदांचा व्हिडिओ काढणारा. पुढची गंमत बघा. हा वुडमन एका रेसिंग शाळेत गाडी चालवायला शिकत होता. तिथे कॅमेरा भाड्याने मिळायचा. भाडं देण्यापेक्षा त्याने आपला मनगटावरचा कॅमेराच गाडीच्या आतल्या लोखंडी दांड्याला, म्हणजे रोल बारला बांधला. कॅमेरा मनगटालाच बांधला पाहिजे असं काही नाही, तो कशालाही बांधता येतो, हे त्याच्या तिथे लक्षात आलं. म्हणजे आज ज्याला आपण ॲक्शन कॅमेरा म्हणतो, त्याच्या वाढीत एका हौशी कार रेसरचा वाटा आहे.

'कशालाही बांधता येतो' म्हटल्यावर लोकांनी तो सायकलला, कुत्र्याच्या पाठीवर, छातीवर आणि अर्थातच हेल्मेटवर बांधला. डोकं वळेल तिकडे कॅमेरा वळतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कल्पना सोपी आणि मोह पाडणारी आहे.

हौशी रेसर कॅमेरा कशाला लावतो

आपल्याकडे कार रेसिंग म्हटलं की टीव्हीवरची फॉर्म्युला वन डोळ्यापुढे येते. पण हौशी लोकांचं रेसिंग वेगळं असतं, आणि ते आपल्या महाराष्ट्रातही आहे. नाशिकला रॅलीची चांगली परंपरा आहे. पुण्याकडे मोकळ्या जागेत मातीचा वळणावळणाचा मार्ग आखून घड्याळाशी स्पर्धा करायची ऑटोक्रॉस होते. कोल्हापुरात मोहिते रेसिंग ॲकॅडमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. ध्रुव मोहिते आणि कृष्णराज महाडिक हे दोघे कोल्हापूरचेच रेसर. कृष्णराज तर पुढे ब्रिटिश एफ-थ्री मालिकेत गाडी चालवून आले. पुण्याचे संजय टकले रॅलीतलं मोठं नाव, २०२५ मध्ये ते सौदी अरेबियाच्या वाळवंटात डकार क्लासिकमध्ये उतरले होते. मोठ्या गाड्यांचे पक्के ट्रॅक मात्र आपल्यापासून लांब आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोईमतूरला कारी आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात बुद्ध. या खेळाची देशातली मुख्य संघटना म्हणजे एफएमएससीआय. स्पर्धेचे नियम, चालकाचं लायसन्स, सुरक्षेची साधनं या गोष्टी ती बघते. सोलापुरात ट्रॅक नाही. आमच्या पोरांसाठी रेसिंग म्हणजे मोबाईलचा पडदा, एवढंच.

आता पडद्यावर बघणाऱ्याला वाटतं, हे व्हिडिओ दाखवण्यासाठी काढलेले असतात. काही असतातही. पण मनापासून रेसिंग करणारा माणूस कॅमेरा लावतो तो आधी स्वतःसाठी. ऑटोक्रॉसमध्ये एक फेरी एक-दोन मिनिटांत संपते. त्या वेळात छाती धडधडत असते आणि नंतर नेमकं काय झालं ते आठवत नाही. तिसऱ्या वळणावर ब्रेक उशिरा मारला असं वाटतं, आणि व्हिडिओत दिसतं की लवकर मारला होता. स्टिअरिंग एकदा वळवलं असं वाटतं, व्हिडिओत हात तीनदा हललेले असतात. वळण कापताना गाडी आतल्या कडेला किती जवळ गेली, बाहेर पडताना किती जागा वाया गेली, हे शांतपणे, थांबवून थांबवून बघता येतं. चांगल्या चालकाचा व्हिडिओ शेजारी लावून तुलना करता येते. दोन चालकांत वाद झाला तर पंच मंडळीही हेच चित्रीकरण बघतात.

मला हे वाचताना आमचं एक प्रशिक्षण आठवलं. स्वतःच्या तासाचा व्हिडिओ काढून आणा, असं सांगितलं होतं. मी मोबाईल कपाटावर ठेवला आणि भागाकार शिकवला. घरी जाऊन बघितलं तर काय, पस्तीस मिनिटांत मी खिडकीकडच्या रांगेकडे जवळजवळ बघितलंच नव्हतं! सगळे प्रश्न दाराकडच्या मुलांना. मला कुणी तोंडी सांगितलं असतं तर मी भांडले असते. रेसरचंही तेच होत असणार.

भाषेच्या शिक्षकांसाठी रॅलीतला एक भाग फार सुंदर आहे. रॅलीच्या गाडीत दोघं असतात. एक चालवतो आणि शेजारचा, म्हणजे सहचालक, वही हातात धरून मोठ्याने वाचत असतो. पुढचं वळण डावं की उजवं, किती तीव्र, त्यानंतर किती मीटर सरळ, मध्ये उंचवटा आहे की खड्डा, हे सगळं ठरलेल्या खुणांमध्ये लिहिलेलं असतं. याला पेस नोट्स म्हणतात. स्पर्धेच्या आधी दोघं हळू वेगाने त्या रस्त्यावरून जाऊन या नोंदी लिहितात. बरेच जण तेव्हाही कॅमेरा चालू ठेवतात आणि रात्री मुक्कामी व्हिडिओ लावून नोंदी दुरुस्त करतात. निरीक्षण, लेखन, प्रकट वाचन, श्रवण, सगळी कौशल्यं एका गाडीत! सहचालकाने ओळ चुकवली किंवा अर्धा सेकंद उशिरा वाचली तर गाडी झाडात. 'वाचून काय होतं' असं म्हणणाऱ्या मुलाला हा व्हिडिओ आवाजासकट दाखवा.

सावकाश का दिसतं

आता विज्ञानाकडे येऊ. ॲक्शन कॅमेऱ्याचं भिंग फार रुंद बघतं. समोरचा रस्ता, दोन्ही बाजूंची झाडं, खाली स्टिअरिंग, सगळं एका चित्रात बसवतं. एवढं सगळं मावायचं तर मधल्या वस्तू लहान कराव्या लागतात. त्यामुळे समोरची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, चढ सपाट वाटतो आणि सरळ रेषा कडेला धनुष्यासारख्या वाकतात. त्यात हल्लीचे कॅमेरे हादरे आपोआप काढून टाकतात. चालकाचे दात वाजत असतात आणि चित्र मात्र लोण्यासारखं. बघणाऱ्याला वाटतं, एवढं काय अवघड आहे?

उंचीचाही परिणाम असतो. आम्ही मैदानावर एक प्रयोग केला, तुम्हीही करा. एक सायकल घेतली. सहावीतल्या एका मुलाने ती हातात धरून नेहमीच्या चालीने चालवत न्यायची. पहिल्यांदा मोबाईल पुढच्या चाकाजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधला. दुसऱ्यांदा त्याच मुलाने, त्याच चालीने, मोबाईल कपाळाजवळ धरून नेला. दोन्ही वेळा तेवढंच अंतर, जवळजवळ तेवढाच वेळ. मग दोन्ही व्हिडिओ वर्गात दाखवून विचारलं, वेगात कोण आहे? बहुतेकांनी खालचा व्हिडिओ सांगितला. घड्याळ दाखवलं तरी दोन-तीन जण मानायला तयार नव्हते.

कारण एसटीत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. खिडकीतून बघताना रस्त्याकडेची बाभळ सपकन मागे जाते आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर चालत असतो. जवळचं जास्त पळतं. कॅमेरा जमिनीजवळ असेल तर माती, खडी सगळं जवळ, म्हणून वेग जास्त भासतो. डोक्यावरचा कॅमेरा सगळ्यात उंच, म्हणून तोच वेग कमी भासतो. इथेच खरी गोम आहे. ज्याला रील काढायचं आहे त्याने ताशी पन्नासने गाडी चालवली, घरी येऊन बघितलं, तर फुसकं वाटतं. मग दुसऱ्या दिवशी तो सत्तरने चालवतो. कॅमेऱ्यातली उणीव तो ॲक्सिलरेटरने भरून काढतो.

खरा वेग मुलांना कळावा म्हणून मी खो-खोचं मैदान वापरते. मोठ्यांच्या खो-खोच्या मैदानाची लांबी २७ मीटर, रुंदी १६ मीटर. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. म्हणजे 'खो' म्हणायच्या आत गाडी मैदान लांबीला ओलांडून बाहेर गेली. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं काढत असेल तर दोन चित्रांमध्ये गाडी १ मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. हे गणित पाचवीच्या मुलांनी फळ्यावर सोडवलं, आणि मग तोच रेसचा व्हिडिओ पुन्हा बघताना वर्ग एकदम गप्प झाला होता.

हेल्मेट हे स्टँड नाही

इथे एका हौशी रेसरची गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत विल्यम स्नेल नावाचा एक जण होता, त्याला पीट म्हणायचे. १९५६ मध्ये एका हौशी शर्यतीत त्याचा अपघात झाला. डोक्यावर हेल्मेट होतं, पण त्या काळच्या हेल्मेटने डोकं वाचवलं नाही. पीट गेला. त्याच्या मित्रांनी आणि सहकारी रेसरांनी १९५७ मध्ये त्याच्या नावाने संस्था काढली, स्नेल मेमोरियल फाउंडेशन. हेल्मेटवर ठराविक जोराचे आघात करून ते टिकतं का हे तपासायचं आणि मगच प्रमाणित करायचं, हे काम ती आजही करते. कार रेसिंगच्या हेल्मेटसाठी तिचं वेगळं प्रमाण आहे. आपल्याकडे दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआयची खूण असते, त्याचं मानक आयएस ४१५१. हा आकडा हेल्मेटच्या मागे छापलेला असतो, आज घरी बघा.

हेल्मेट काम कसं करतं? बाहेरचं कवच कडक आणि गुळगुळीत असतं. आत थर्माकोलसारखा दाट थर असतो. आघात झाला की कवच तो जोर पसरवतं, आतला थर चिरडला जातो आणि डोकं थोडं सावकाश थांबतं. गुळगुळीतपणा शोभेसाठी नाही. डोकं जमिनीवर किंवा गाडीच्या दांड्यावर आपटलं तर घसरून निघावं, अडकू नये, यासाठी तो असतो. अडकलं तर डोकं आणि मान पिळली जाते, आणि ती पिळवट मेंदूला फार वाईट.

वर्गात दाखवायला सोपं आहे. एक रबरी चेंडू फरशीवरून घरंगळवा, सरळ जातो. मग त्याला बाजूला चिकणमातीचा लिंबाएवढा गोळा घट्ट चिकटवा आणि पुन्हा सोडा. गोळा जमिनीला लागला की चेंडू हिसका देऊन भलतीकडे वळतो. हेल्मेटवरचा कॅमेरा हा तो गोळा. शिवाय जिथे कॅमेरा आहे तिथेच मार बसला तर पसरायचा जोर एका बोटाएवढ्या जागेत येतो. तळहाताने दाबणं आणि अंगठ्याने दाबणं यात फरक आहे की नाही?

वजनाचंही बघा. असा कॅमेरा साधारण १५० ग्रॅमचा असतो. पाव किलो शेंगदाण्याच्या पुडीपेक्षा कमी, काहीच नाही. पण गाडी आदळली आणि तो धक्का गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट आहे असं धरलं, तर त्या क्षणी तोच कॅमेरा मानेला ६ किलोसारखा ओढतो. सहा किलो ज्वारीची पिशवी डोक्याच्या एका बाजूला लटकवलीय अशी कल्पना करा. आणि चिकटपट्टी सुटली तर तो बंद गाडीत दगडासारखा फिरणार, तेही शेजारी माणूस बसलेला असताना.

जगप्रसिद्ध रेसर मायकल शूमाकर यांचा अपघात अनेकांना आठवत असेल. २९ डिसेंबर २०१३, फ्रान्समधलं मेरिबेल. ते रेसिंग नाही तर बर्फावर स्कीइंग करत होते. डोक्यावर हेल्मेट होतं आणि हेल्मेटवर कॅमेरा होता. डोकं खडकावर आपटलं. त्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण तपासात उपयोगी पडलं. कॅमेऱ्यामुळे हेल्मेट कमकुवत झालं का, अशी चर्चा जगभर झाली, पण तसं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. म्हणून 'कॅमेऱ्यामुळेच झालं' असं मुलांना सांगू नका. हेल्मेट तपासताना ते कॅमेऱ्याशिवाय तपासलेलं असतं, एवढं सांगणं खरं आणि पुरेसं आहे.

"पण मॅडम, फॉर्म्युला वनमध्ये तर असतो!" हा प्रश्न येणारच. मलाही आला. असतो, पण कसा? २०२१ मध्ये बेल्जियमच्या शर्यतीच्या वेळी फर्नांडो अलोन्सो यांच्या हेल्मेटमधून दिसणारं दृश्य लोकांनी बघितलं आणि सगळे चकित झाले. तो कॅमेरा हेल्मेटच्या बाहेर नसतो. आत, डोळ्याच्या बाजूच्या गादीत बसवलेला असतो, आणि त्याचं वजन सुमारे दीड ग्रॅम. दीड ग्रॅम म्हणजे तीन-चार शेंगदाणे. हेल्मेट बनवणाऱ्यांनीच तो बसवलेला आणि तपासलेला असतो. आपण ऑनलाइन मागवून चिकटवतो ते आणि हे एक नव्हे.

मग कॅमेरा कुठे लावतात

हौशी शर्यतीत गाडी उतरवण्याआधी तपासणी होते. टायर, ब्रेक, पट्टा, हेल्मेट, अग्निशामक, सगळं बघतात. अनेक ठिकाणी हेल्मेटवर कॅमेरा चिकटवलेला दिसला की तो काढायला लावतात. कॅमेरा गाडीला लावायचा, माणसाला नाही, असा साधा हिशोब आहे. चांगली जागा म्हणजे चालकाच्या मागचा रोल बार किंवा गाडीतला लोखंडी सांगाडा. तिथून दोन सीटच्या मधून समोरचा रस्ता, स्टिअरिंगवरचे हात आणि गियर तिन्ही दिसतात. शिकायला हेच लागतं. धातूचा पकडा नट-बोल्टने आवळायचा आणि शिवाय एक दोरी जादा बांधायची, म्हणजे पकडा सुटला तरी कॅमेरा उडणार नाही.

काचेला चिकटणारी रबरी वाटी अनेक जण वापरतात. आमच्या सोलापुरात मे महिन्यात काचेजवळ ठेवलेली कुठलीही वस्तू अर्ध्या तासात हात लावू देत नाही. वाटी ढिली पडते, कॅमेरा तापून बंद होतो, बॅटरीही खराब होते. दुचाकीवर मोबाईल लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: हेल्मेटवर टेपचा चिकटपणा राहिला तर तो पेट्रोलने पुसायची आपल्याकडे सवय आहे. पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळतो. हेल्मेटच्या आतल्या थराचं आणि प्लास्टिकच्या कवचाचंही त्याने नुकसान होतं, आणि वरून काही दिसत नाही. हा प्रयोग मुलांसमोर करू नका, नुसतं सांगा. साबणाचं पाणी आणि थोडी चिकाटी पुरते.

डोक्यावरच्या कॅमेऱ्याला एक गोष्ट मात्र येते जी रोल बारवरच्या कॅमेऱ्याला येत नाही, हे मान्य करायला हवं. चालकाने मान कुठे वळवली ते तो दाखवतो. कसलेला चालक वळणात शिरायच्या आधीच वळणाच्या शेवटाकडे बघत असतो, नवखा गाडीच्या नाकासमोर बघतो. नुसते डोळे फिरवले तर ते या कॅमेऱ्याला कळत नाही, पण मान कळते. याच गोष्टीने मला हा लेख लिहायला लावला.

बावन्न सेकंद

माझा एक जुना विद्यार्थी आता नववीत आहे. हुशार, खटपट्या. त्याच्या आईने एका रविवारी त्याला माझ्याकडे आणलं आणि मोबाईल पुढे केला. त्याने वडिलांची मोटरसायकल घेऊन, त्यांच्याच हेल्मेटवर डबल टेपने एक स्वस्तातला कॅमेरा चिकटवून, शहराबाहेरच्या रस्त्यावर व्हिडिओ काढला होता. एकूण बावन्न सेकंद. मित्रांमध्ये तो गाजला होता. आईचं म्हणणं, "मॅडम, मी ओरडले, त्याचे बाबा ओरडले, काही उपयोग नाही. तो म्हणतो, मी नीटच चालवली. तुमचं ऐकतो, तुम्ही सांगा."

आधी मी दोघांना कायदा सांगितला, कारण आईलाही तो माहीत नव्हता. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याबद्दल केरळच्या मोटार वाहन विभागाने तर २०२२ मध्येच दंडाची कारवाई सुरू केली होती. आईचा चेहरा उतरला. पोरगा मात्र खाली मान घालून, चेहऱ्यावर तेच, 'मी नीटच चालवली.'

मग मी त्याला ओरडले नाही. म्हटलं, चल, तुझाच व्हिडिओ बघू. आवाज बंद केला आणि त्याच्या हातात पाटी-पेन्सिल दिली. "कॅमेरा खाली गेला की एक रेघ ओढ."

कॅमेरा खाली म्हणजे मान खाली. मान खाली म्हणजे स्पीडोमीटर. किती वेग दिसतोय ते बघायला तो वाकत होता, कारण तो आकडा व्हिडिओत यायला हवा होता. पाटीवर सात रेघा झाल्या. एका ठिकाणी काटा साठच्या पुढे दिसतो. साठ म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. मी म्हटलं, "तू खो-खो खेळतोस ना? एक सेकंद मान खाली म्हणजे मैदानाची अख्खी रुंदी डोळे मिटून." त्याने रेघा पुन्हा मोजल्या. सातच होत्या.

दुसऱ्यांदा व्हिडिओ लावला तेव्हा चौतिसाव्या सेकंदाला मी थांबवला आणि विचारलं, "ही एसटी कुठून आली?"

"कुठली एसटी?"

रुंद भिंगाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, कडेला वाकडी झालेली, लाल एसटी होती. समोरून येत होती आणि दिसते त्यापेक्षा बरीच जवळ असणार. कॅमेऱ्याने ती पाहिली होती. त्या वेळी त्याची मान खाली होती, पाचवी रेघ.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग बोटाने व्हिडिओ मागे घेतला, तिसाव्या सेकंदापर्यंत, आणि एसटी पहिल्यांदा कुठे दिसते ते शोधायला लागला. आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, मी हातानेच थांबवलं.